दोन ओळींची धून

सकीना भिंगारच्या पिंजाऱ्यांच्या आळीत सून होऊन आली, तेव्हा नवरा अजीज महिनाभरच घरी होता. कापूस पिंजून झाला की तो ओट्यावर बसून माउथ ऑर्गन वाजवायचा आणि शेजारच्या बाया हातातलं काम ठेवून ऐकायच्या. मग तो पलटणीत ड्रायव्हर म्हणून ब्रह्मदेशाकडं गेला.

पंचेचाळीस साली परतला, तो शिवलेला डावा गाल घेऊन. गाडीखाली सुरुंग फुटला होता. ओठांची एक बाजू मिटायचीच नाही. पाणी प्यायलं तरी गळ्यावर ओघळायचं. त्याचं बोलणं आईला, बद्रुन्निसाला, कळेना. सकीनाला हळूहळू कळू लागलं.

एका दुपारी त्यानं माउथ ऑर्गनचा तो बाजा तिच्या हातात दिला. "तू शीक."

"मला कुटं येतंय?"

"मी सांगतो. फुंक. आता वढ."

तिनं फुंकलं. तीन-चार सूर एकदम बोंबलले. सासू आतून म्हणाली, "कुनाचं रेडकू वरडतंय गं?" सकीनाला हसू फुटलं. अजीज हसला नाही. त्यानं तिचे ओठ चिमटीत धरले. "येकाच भोकात फुंक."

तो कष्टानं धून गुणगुणायचा, बोटानं तिच्या मनगटावर ठेका द्यायचा. फुंकणं जमलं. पण श्वास आत ओढायचा म्हटलं की दिवसभर कापसाची धूळ खाल्लेल्या छातीत खोकल्याची उबळ यायची. तो चिडून बाजा हिसकावून घ्यायचा आणि तसाच धरून बसायचा. वाजवून दाखवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

गाद्या-रजया भरायचे थंडीचे दिवस आले, तेव्हा कुठं एकदा दोन ओळी स्वच्छ निघाल्या. सकीनानं त्या लगेच पुन्हा वाजवल्या. अजीजनं हात पुढं केला. बाजा घेऊन स्वतःच्या ओठांना लावला. नुसती हवा. फाटक्या बाजूनं सगळा श्वास सुटून जात होता.

सकीनानं त्याच्या गालावर तळवा दाबला. त्यानं पुन्हा फुंकलं. एक कापरा सूर निघाला. दुसरा निघेना. लाळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

"आनखी दाबू का?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवून नको म्हटलं. सदऱ्याच्या बाहीनं तिचा हात पुसला. "तूच वाजव."

तिनं वाजवलं. तो भिंतीकडं तोंड करून ऐकत राहिला.

धून तिथं संपत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. "फुडचं सांगा की," ती म्हणायची.

"सांगीन," म्हणून तो कापसाच्या ढिगाकडं वळायचा.

दोघांना लेकरं झाली, बाप थकल्यावर अजीज त्याच्या जागी पिंजायला बसू लागला. पुढची ओळ त्यानं काही गुणगुणली नाही. काही वर्षांनी सकीनानं विचारणंही सोडून दिलं.