हिरवी पाठ

काशीमामी सूर्यफुलाचं तोंड कधी बघतच नसत. मागून चाचपायच्या. पाठ हिरवी असली की म्हणायच्या, "दूध पितंय आजून." पिवळी पडली की, "पिकाय लागलंय." ती पाठ तपकिरी होऊन फुलानं मान टाकली की मगच विळा. त्याआधी कुणी फूल कापलेलं त्यांना खपत नसे.

मामी मूळच्या करकंबच्या. सोलापुरात मुलाकडे राहायला आल्या त्या पिशवीत बी घेऊनच. त्यांच्या मेलेल्या लेकीनं गावाकडं परड्यात लावलेल्या सूर्यफुलांचं. दरवर्षी कंपाउंडच्या भिंतीलगत अकरा झाडं असत. त्यातलंच बी पुढच्या वर्षी पेरायचं, उरलेलं भाजून खायचं. "लेक गेली, तिचं बी हाय की," एवढंच म्हणायच्या. बाकी तोंड असं फाटकं, की दूधवालासुद्धा गेटबाहेरूनच हाक मारी. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. मला त्या 'मास्तरीणबाई' म्हणत. त्यात मान किती नि टोमणा किती, ते त्यांनाच ठाऊक.

त्या वर्षी मामी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. स्ट्रेचरवरूनही मला बजावलं, "मी येईस्तवर फुलं कापायची न्हाईत. पोपाट खाईनात का."

तिसऱ्याच दिवशी पोपटांची धाड आली. पाकळ्या गळलेल्या, दाणे काळेभोर. मला वाटलं, म्हातारीच्या लेकीची आठवण हे मेले फस्त करणार! अकराच्या अकरा फुलं कापून गच्चीवर वाळत घातली. वर स्वतःवरच खूश!

मामी वॉकर धरून घरी आल्या. एक फूल उलटं केलं. पाठ सुकली होती, पण हिरवीच. दाणा नखानं फोडला. आत नुसता पापुद्रा. दुसरा फोडला, तिसरा फोडला. तसलेच.

"मामी, पोपट खात होते हो."

"निम्मं खाल्लं आसतं, निम्मं ठिवलं आसतं की. पोपाट काय मास्तरीण हाय व्हय?" मग म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात फुलाचा फोटू म्होरनंच आसंल."

मी रडले, माफी मागितली. बाजारातून सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट आणून दिलं. ते त्यांनी गटारात टाकलं. "उद्या तुमी मेलात, तर तुमच्या आयला दुसऱ्याची पोर आणून दिऊ का?"

पुढं तेच पोकळ बी त्यांनी मला भिंतीलगत पेरायला लावलं आणि पाणीही मीच घालायचं, असं फर्मावलं. रोज, शाळेत जायच्या आधी. मामी खुर्चीत बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारत, "उगवलं का, मास्तरीणबाई?"

"नाही, मामी."

"घाला मग पानी."

महिनाभर हेच. उगवणार नाही हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं. चूक माझी होती, म्हणून मी घालत राहिले. पण माणसानं इतकं दुष्ट असावं?

उन्हाळ्यात एका सकाळी मामी गेल्या. रडणं ऐकून मी धावत निघाले, तर जिन्यातच त्यांचा मुलगा आडवा आला.

"मॅडम, आई शेवटी तुमचंच नाव घेत होती."

माझे डोळे भरून आले. वाटलं, सुटले एकदाची. "काय म्हणाल्या?"

तो मान खाली घालून म्हणाला, "मास्तरीणबाईनं माझ्या मयताला यायचं न्हाय, म्हणाली."

मी परत वर आले, चप्पल काढली आणि खिडकीशी उभी राहिले. खाली सगळी गल्ली जमली होती. मामींचा संताप संताप येत होता मला, आणि त्या सगळ्या गल्लीत सर्वांत जास्त रडत होते ती मीच.