शाळेचे फोटो पाठव

मंडळी, लेकीला पहिलीत आमच्या पोलादपूरजवळच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत घालायचं की महाडच्या इंग्लिश मीडियमलाच ठेवायचं, हे उद्या ठरवायचंय. नवरा मुंबईला. म्हणाला, "शाळेचे फोटो पाठव, बघून सांगतो."

म्हणून आज गेले. फरशी फुटलेली, पंखा बंद, दोन इयत्ता एकाच खोलीत. फोटो काढताकाढताच माझा धीर सुटला.

तेवढ्यात बाईंनी हातच्याची वजाबाकी शिकवून विचारलं, "कळलं का?"

आता सगळी "होऽऽ" म्हणणार, असंच मला वाटलं. तर मागची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, मला नाय कळलं."

कुणी हसलं नाही. बाई काड्यांची जुडी घेऊन तिच्याशेजारी खाली बसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.

घरी येऊन लेकीला विचारलं, "केजीत तुला काही कळलं नाही, तर टीचरना काय सांगतेस गो?"

ती म्हणाली, "येस टीचर."

फोटो पाठवलेत, नवऱ्याने बघितलेतही. त्यात फुटकी फरशी अगदी स्पष्ट दिसतेय.

"नाय कळलं"चा फोटो कसा काढतात, कुणी सांगाल का?