करीच्या आधीचे विमान

१० जानेवारी १९९९. तीर्थपुरीच्या घरात माणसे दोन, दिल्लीत लेक-जावई दोन, आणि पाचवा जीव वाटेवर.

लेक बेबीनंदाचे दिवस भरत आले होते. तिच्या आईचे, गिरिजाबाईंचे, विमान पंधरा तारखेच्या सकाळचे होते, औरंगाबादहून. तिकीट पाहताच त्यांनी ते उलटे ठेवले. पंधरा म्हणजे संक्रांतीनंतरची कर, आणि करीला गावाची वेस ओलांडायची नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज.

नवरा काकासाहेब हसले. "आगं, विमानाला कसली आली कर? ते वेशीवरून जातं, वेशीतून न्हाई!"

"मंग तुमीच बसा त्याच्यात! आन् दिल्लीला धुई पडून राह्यली, रेडिओ रोज सांगतो. सकाळची धुई दुपारशिवाय फिटत न्हाई, हे हरभऱ्याच्या रानात जन्म काढलेल्या मानसाला मी सांगू?"

जालन्याला जाऊन काकासाहेबांनी तिकीट बदलले. तेरा तारखेचे, दुपारचे. ते विमान तीन तास उशिरा सुटले, पण दिवेलागणीला दिल्लीत उतरले.

पंधराच्या पहाटे बेबीनंदाला मुलगी झाली, तेव्हा आई उशाशी होती. बाहेर धुके इतके दाट की दुपारपर्यंत एकही विमान उतरले नाही. शहाणपण धुईच्या अनुभवाचे होते. गावाने श्रेय मात्र करीला दिले.

गिरिजाबाई दीड महिना दिल्लीत राहिल्या. परतेपर्यंत वाण देण्याची मुदत, रथसप्तमी, उलटून गेली आणि त्या संक्रांतीला गावातल्या पाच सुवासिनींना द्यायचे वाण राहून गेले. ते अजून दिलेले नाही.