पंपाच्या एजन्सीसाठी लिहिलेलं पत्र

नांदेडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून इंग्रजी व्यापारी पत्रव्यवहाराची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि त्याच गुर्मीत लातूरला नोकरीला आले. दुकान मोटारपंपांचं. मालकांना सगळा बाजार आप्पा म्हणायचा. कपाळाला भस्म, स्वच्छ पांढरं धोतर, आणि आवाज असा की समोरच्या हॉटेलातला चहा आपसूक यायचा. ते मराठीत सांगणार आणि मी इंग्रजीत टाइप करणार, असं माझं काम. पण त्यांचं पत्र म्हणजे लग्नातली पंगत. आधी कंपनीच्या साहेबांची तब्येत, मग इकडचं पाऊसपाणी, मग जळालेल्या मोटारीची तक्रार, मधेच नव्या मालाची मागणी आणि शेवटी पुतणीच्या लग्नाचं आवतण. सगळं एकाच कागदावर.

लातूर नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कलेक्टर कचेरी आली, पाट्या बदलल्या, पण दक्षिणेतल्या त्या पंप कंपनीच्या लेखी आम्ही अजून तालुकाच. कंपनी एका जिल्ह्याला एकच एजन्सी देई आणि आमच्या भागाची एजन्सी होती उस्मानाबादच्या एका डीलरकडे. त्याचं भागून उरेल तो माल आम्हाला. त्यात दुष्काळ. विहिरी आटलेल्या, ज्याला जमेल तो बोअर मारत होता. औशाकडची माणसं सकाळपासून दुकानाच्या ओट्यावर बसून असत, आणि आत दाखवायला एक मोटार नसे. उन्हाळ्याआधी स्वतःची एजन्सी मिळाली नाही, तर आप्पा दुकान बंद करून उदगीरला धाकट्या भावाच्या किराणा दुकानात बसणार होते. हे ते हसत हसत सांगत. मला ते ऐकवत नसे.

एजन्सी मागणारं पहिलं पत्र मी ते सांगतील तसं टाइप केलं. लातूर आता जिल्हा झालाय, तेव्हा आम्हाला वेगळी एजन्सी द्या, असं त्यात कुठेतरी होतं. उत्तर दोन ओळींचं आलं: आपल्याच पत्राच्या माथ्यावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ छापलेलं आहे, तरी तिथल्या डीलरशी संपर्क साधावा.

जुनी लेटरहेडं वाया कशाला घालवायची, म्हणून आप्पा ती पुरवून वापरत होते. तेव्हा बाजारात निम्म्या दुकानांचं हेच चाललं होतं. जिल्हा झाला म्हणून पेढे वाटलेले लोक पावत्या मात्र जुन्याच जिल्ह्याच्या फाडत होते. मी कपाळावर हात मारून घेतला. आप्पा पोट धरून हसले. “आपुनच आपल्याला तालुका करून टाकलं की वो बाई!”

दुसरं पत्र मी लिहिते म्हटलं, आणि त्यांनी लगेच मान डोलावली. त्यांचा हा गुण मला फार आवडायचा. नवी लेटरहेडं छापून आणली. तारीख, कंपनीचा पत्ता, खाली एका ओळीत विषय. पहिल्या परिच्छेदात आम्हाला काय हवंय ते. दुसऱ्यात कंपनीचा त्यात काय फायदा. मग सोबत जोडलेली कागदपत्रं, त्यात नव्या जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटची प्रत. साहेबांची तब्येत कापली, लग्नाचं आवतण कापलं.

“दुष्काळ तर ठिवा. जरा दया येईल त्यांना.”

“धंद्याच्या पत्रात रडायचं नाही, आप्पा. इथे रोज किती माणसं मोटारी मागायला येतात, ते लिहू.”

“लई खट हाय तुमी,” ते म्हणाले, पण खूश होऊन. प्रत्येक गोष्ट कुठे आणि का, हे त्यांनी विचारून घेतलं. मी ठोकून देते का समजून सांगते, यावर त्यांचं बारीक लक्ष होतं.

शेवटचा परिच्छेद मी मनापासून लिहिला होता. उस्मानाबादचा डीलर माल कसा दाबून ठेवतो, आम्हाला कसा ताटकळत ठेवतो, सगळं. आप्पांनी माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं आणि म्हणाले, “एवढं काढून टाका.”

“खोटं आहे का त्यात काही?”

“खरंच हाय. पण आपुन आपली एजन्सी मागायलोत, त्याची बदनामी कशाला? राग दोन दिसांत जाईल माझा. कागद ऱ्हातो.”

मला संताप आला. इन्स्टिट्यूटमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. तणतणत का होईना, पान पुन्हा टाइप केलं.

पुढच्या महिन्यात कंपनीचा माणूस आला. दुकान पाहिलं, ओट्यावरची गर्दी पाहिली आणि बॅगेतून आमचंच पत्र काढलं. कंपनीच्या रीतीप्रमाणे त्याची प्रत आधी उस्मानाबादच्या डीलरकडे गेली होती, त्याचं मत घ्यायला. ती फिरून आली होती, आणि तळाशी त्या डीलरच्या हातचं इंग्रजी होतं. मी वाचून आप्पांना मराठीत सांगितलं: माझी हरकत नाही, माणूस सरळ आहे, लातूरची एजन्सी यांनाच द्यावी.

आप्पांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

“बाई,” ते म्हणाले, “मी उदगीरला जात न्हाई आता.”

मला रडू आलं. कंपनीच्या माणसासमोरच आलं, आणि मी ते आवरलं नाही.