सहा अधिक क्ष

शेजारच्या अंगणात मोहफुले वाळत घातली की त्यांचा गोड, जड वास माझ्या खोलीत येतो आणि मी पन्नासच्या दशकातल्या चांद्याच्या महाविद्यालयात जाऊन उभा राहतो. अंकगणितात कच्च्या राहिलेल्या विद्यार्थ्यांचा वर्ग माझ्याकडे होता. त्या दिवशी मी फळ्यावर उदाहरण लिहिले होते: सात जणांच्या घरातला एक जण बाहेर गेला, तर बेचाळीस आंबे उरलेल्यांत सारखे वाटा.

पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावाहून आलेल्या लालसूचे उत्तर सहा आले.

“याले वजाबाकीबी येत नाई, सर,” मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, आणि वर्ग हसला.

लालसू शांतपणे म्हणाला, “गेलेल्याचा हिस्सा ठेवा लागते, सर. माहा भाऊ दोन सालाआधी वाघाच्या रानात मोहफुलं वेचाले गेला. टोपली सापडली, तो नाई. माय रोज त्याचं ताट वाढते.”

मी फळ्यावरचा ‘सात’ पुसून तिथे ‘६ + क्ष’ लिहिले आणि सांगितले, की जे ठाऊक नाही त्याच्या जागी अक्षर ठेवूनही गणित पुढे नेता येते.

“क्षची किंमत कधी काढाची, सर?”

“पुरेशी माहिती हाती आल्यावर.”

त्याने समाधानाने मान हलवली. बीजगणिताचा आरंभ चांगला झाला, असे तेव्हा मला वाटले होते. आता हा वास आला की जाणवते, पुरेशी माहिती त्या खोलीत प्रत्येकाजवळ होती, लालसूजवळही.