ढोलकीशिवाय निघालेली कॅरल पार्टी

नाशिकहून आले की ओळखीतले लोक हमखास विचारतात, मिसळ कुठली खाल्लीस? यावेळी एकही खाल्ली नाही, हे आधीच सांगून टाकते. द्राक्षांचे मळे पाहिले नाहीत आणि कॅमेरा बॅगेतून बाहेरही काढला नाही. तरीही सायबर कॅफेत बसून हे लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

नाताळ तीन दिवसांवर आला होता. मी पुण्याच्या घरी शंकरपाळे तळत होते, तेवढ्यात रूथताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण, सातपूरला राहते. "मंजू, ह्यांचा हात प्रेसमध्ये सापडला," एवढंच बोलली आणि रडायला लागली. सुधाकर दाजी एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर काम करतात. उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. ऑपरेशन करून डॉक्टरांनी ती पुन्हा शिवली होती, पण रक्त नीट खेळतंय की नाही, हे नाताळच्या सकाळी ड्रेसिंग उघडल्यावरच कळणार होतं. मी गॅस बंद केला, तळलेले शंकरपाळे डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच स्टँड गाठला.

शिवाजीनगरहून नाशिकला एसटी सतत सुटतात, रिझर्वेशनची गरज नाही. खेडच्या घाटात ट्रकांची रांग लागलेली असते, तेव्हा पाच तास धरून चाला. संगमनेरच्या थांब्यावर चहा बरा मिळतो, वड्याच्या नादी लागू नका. घाबरले की मी अशी माहिती द्यायला लागते. शेजारी बसलेल्या बाईंनाही मी सिन्नर येईपर्यंत गाड्यांचं वेळापत्रक सांगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही एसटीत कामाला आहात का?" मी नाही म्हटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते.

दाजींची बोटं म्हणजे नुसती कामाची बोटं नाहीत. त्यांच्या चर्चच्या कॅरल पार्टीची ढोलकी लग्नाच्या आधीपासून तेच वाजवतात. नाताळच्या आठवड्यात मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरतात, आणि दाजींची थाप गल्लीच्या टोकाला ऐकू आली की बायका लगबगीनं चहाचं आधण ठेवतात. मी रुग्णालयात पोचले तेव्हा तो हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला होता. दाजी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. आमच्यात नमस्काराऐवजी म्हणतात तसं मी "सलाम, दाजी" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा छताकडे बघायला लागले.

शेजारच्या खाटेवर सायखेड्याचे एक शेतकरी पाय प्लास्टरमध्ये घालून पडले होते. त्यांच्या बायकोनं मला बाकावर जागा करून दिली. मी गप्प बसलेय असं बघून शंकरपाळ्यांच्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाली, "तुमच्यात पण फराळ राहतो का?"

"राहतो की. नाताळाला करतो."

"मंग खा ना. उपाशी राहून बरं नाय होत कोणी." असं म्हणून तिनंच डबा उघडला आणि पहिला शंकरपाळा स्वतःच्या तोंडात टाकला. "लय भारी झालेत," म्हणाली. दाजींच्या ओठांचा कोपरा जरा हलला. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर तेवढीच काय ती हालचाल दिसली.

रुग्णालयाबाहेरून सातपूरला रिक्षा सहज मिळते, फक्त मीटरचं आधी बोलून घ्या. नाशिकची थंडी पुणेकरांनी हसण्यावारी नेऊ नये. स्वेटर घालूनही मी कुडकुडत होते.

दुसरा दिवस म्हणजे चोवीस तारीख. ताईच्या गल्लीत आमच्या लोकांची बरीच घरं आहेत, आणि दारोदारी आत दिवा असलेले कागदी तारे लागले होते. ताईचं दार तेवढं ओकंबोकं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. तारा पेटलेला असला की कॅरल पार्टी त्या घरी थांबते. तारा नसला तर घरात काही दुःख आहे असं समजायचं. मग मंडळी गाणं बंद करतात आणि पाय न वाजवता पुढे जातात. हा मान ठेवण्याचा प्रकार आहे, कुणी ठरवून दिलेला नियम नाही.

दिवेलागणीला ताई दाजींच्या डब्यासाठी पोळ्या लाटत होती. मी भाजत होते, म्हणजे करपवत होते. एवढ्यात लांबून गाणं ऐकू आलं. पण काहीतरी भलतंच वाटत होतं. एक खंजिरी, बाकी नुसत्या टाळ्या. अर्धी माणसं पुढे पळत होती, अर्धी मागे राहत होती. पार्टी जवळ आली, शेजारच्या घरी गायली, आणि मग आमच्या दारापाशी एकदम शांतता. नुसत्या चपला घासल्याचा आवाज. कुणी गेलं की असं जातात लोक दारावरून.

ताईचं लाटणं थांबलं. तिनं कपाटाच्या वर बघितलं. तिथे दाजींची ढोलकी फुलाफुलांच्या खोळीत होती.

"ढोलकीशिवाय फिरतायत गं," ती म्हणाली. "आपल्याकडे आहे ना. मागायला आलेच नाहीत कुणी."

खोळीसकट ढोलकी छातीशी धरून, पिठाच्या हातांनी, ती अनवाणीच बाहेर धावली. मी मागोमाग. पार्टीचे म्होरके सॅमकाका तिला बघून ओशाळले. काका रिटायर्ड ड्रायव्हर, आवाज खणखणीत, पण त्या वेळी पुटपुटलेच.

"पोरी, मागायला कुठल्या तोंडानं येणार? माणूस तिकडे पडलेला, आणि आम्ही ढोलकी द्या म्हणायचं?"

"म्हणून माझ्या दारावरनं मुके होऊन गेलात?"

"तारा नव्हता ना."

"तारा दरवर्षी हेच लावतात, काका," ताई म्हणाली. "माझा हात पोचत नाही तिथं."

मग एका बाईंनी ताईला जवळ घेतलं, आणि काका खुर्चीवर चढून आमच्या दारात तारा लावू लागले. मी खुर्ची धरून उभी होते आणि मनात देवाला एकच सांगत होते, दोन्ही बोटं राहू देत. मंडळींनी तिथंच दाजींसाठी प्रार्थना केली. मग गाणं सुरू झालं. ढोलकी काकांनी गळ्यात घातली. देवा रे! गाणं पोचलं बेथलेहेमात आणि ढोलकी अजून सिन्नरला. दुसऱ्या कडव्याला ताईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, मी हसले, काकासुद्धा वाजवता वाजवता हसले. त्या दोन-चार मिनिटांत मला खरंच आनंद झाला. लगेच भीतीही वाटली, आज हसतोय आणि उद्या काय दिसेल?

नाताळच्या सकाळी उपासनेला न जाता आम्ही रुग्णालयात गेलो. डॉक्टर पट्ट्या सोडत होते, तेव्हा ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर बराच वेळ वळ राहिला. अंगठ्याजवळचं बोट सुजलेलं होतं, पण गुलाबी. मधलं काळं पडलं होतं. "हे काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "दुसरं जगेल. वाकेल किती, ते आत्ता नाही सांगता येणार."

ताई खाली बसली. दाजींनी पहिल्यांदाच आपल्या हाताकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "काल कॅरलला ढोलकी कुणी वाजवली?"

"सॅमकाकांनी."

दाजींनी डोळे मिटून घेतले. "अरे देवा," म्हणाले, आणि डाव्या हातानं खाटेच्या लोखंडी दांडीवर थाप मारून दाखवायला लागले, ती कुठे पडायला हवी होती ते. सायखेड्याच्या बाई शंकरपाळा हातात धरून ऐकत राहिल्या.

पुण्याला परत आले तोवर नाताळ उलटून गेला होता. घाईत निघाल्यामुळे माझ्या दारात तारा लागलाच नव्हता. तो मी परतल्यावर लावला. शेजारणीनं विचारलं, "नाताळ झाला ना तुमचा?" मी म्हटलं, "असू दे, राहू दे थोडे दिवस."

दुसरं बोट वाकेल की नाही, अजून माहीत नाही. या रविवारी ताईचा फोन आला. तिनं काही न बोलता रिसीव्हर बाजूला ठेवला. पलीकडून ढोलकी ऐकू येत होती. डाव्या बाजूची थाप भरीव, दाजींचीच. उजवीकडची मात्र अडखळत येत होती, कधी लवकर, कधी उशिरा.

"दाजी उजव्या हातानं वाजवतायत?" मी ओरडूनच विचारलं.

"नाही गं," ताई फोनवर आली. तिला दम लागला होता. "उजवी बाजू मी धरलीये. समोरासमोर बसतो. फार चुकते म्हणून सारखे ओरडतात माझ्यावर."