पाच खुर्च्यांचे अतिक्रमण

घटनाक्रम पुढीलप्रमाणे. पहिला सोमवार: गल्लीत बाके बसवण्याबाबत माझे पत्र. दुसरा सोमवार: स्मरणपत्र. अकरावा सोमवार: दहावे स्मरणपत्र, जोडपत्रांसह. जबाबदार व्यक्ती: पत्र न उघडणारे अधिकारी, ‘पाहू’ म्हणणारे नगरसेवक आणि एक तक्रारदार, जो कोण ते ओघात कळेलच.

प्रकरण असे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या सौ. मालतीबाईंना सलग साठच पावले चालवतात; मग बसावे लागते. भजनी मंडळ गल्लीच्या टोकाला, साडेतीनशे पावलांवर! (मी मोजली आहेत. दोनदा.) आठ महिने त्या गेल्या नव्हत्या. रिक्षाचे नाव काढले की एकच उत्तर: “जाईन तर माझ्या पायानं!”

बाराव्या सोमवारी मी बहिणीकडे कळमेश्वरला गेलो. चार दिवसांनी परततो तो काय! पाच घरांपुढे, भर रस्त्यात, पाच खुर्च्या! ज्याने उभी हयात न्यायालयाच्या कचेरीत काढली, त्याच्या डोळ्यांदेखत सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण! चपला काढण्यापूर्वीच मी मोबाईलवरून तक्रार नोंदवली. छायाचित्रांसह.

अकरा पत्रांना न हललेले प्रशासन दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला ट्रक घेऊन हजर! मी गच्चीतून कायद्याचे राज्य कृतार्थ नजरेने पाहत होतो. तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीवरून एक बाई उठल्या, काठी टेकत तिसरीकडे निघाल्या, आणि पोहोचणार तोच कामगाराने तिसरी खुर्ची उचलली. बाईंच्या पिशवीत टाळ होते. बाई आमच्याच होत्या!

शेजारच्या शांताबाई कडाडल्या, “काहून उचलून राहिले गा? वहिनीले बसाले ठेवल्या आम्ही, साठ-साठ पावलांवर!”

“तक्रार आहे, बाई,” म्हणत कामगाराने मोबाईलवरचे तक्रारदाराचे नाव खड्या आवाजात वाचले. अख्खी गल्ली गच्चीकडे पाहू लागली.

“अहो!” मालतीबाई खालून म्हणाल्या, “अकरा पत्रांत एक बाक आलं नाही, अन् एका तक्रारीत पाच खुर्च्या गेल्या! आता बसू कशावर? तुमच्या अर्जावर?”

मी घरातली लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन धावलो. पुढे दर साठ पावलांवर मी खुर्ची मांडायची, त्यांनी बसायचे, मी पुन्हा उचलायची! शांताबाईंचे यजमान विचारतात, “परवानगी काढली का गा, साहेब?”

पण मालतीबाई पोहोचल्या. स्वतःच्या पायांनी! आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मी बाहेर खुर्चीवर धापा टाकत होतो.

आज खुर्च्या परत आल्या आहेत. सर्व फाटकांच्या आत, मी स्वतः टेपने मोजलेल्या हद्दीत. सहावी आमच्या दारात आहे. आता एरवी घरातच बसून असणारे शेजारचे सामंतकाकाही काठी घेऊन निघतात, आणि पानठेल्यापर्यंत जाऊन येतात.

तथापि, न्याय शिल्लक आहे. सदर तक्रारदाराने येत्या रविवारी कॉलनीच्या सभेत सर्वांसमक्ष जाहीर खुलासा करावा, अशी मागणी याद्वारे करण्यात येत आहे. (मागणी मालतीबाईंची, मसुदा माझा.) खुलासा चौदा पानांचा तयार आहे. तो तक्रारदाराने उभ्यानेच वाचावा. खुर्ची मिळणार नाही!